समाप्तीसाठी राखलेला पाठ

माझ्या सासऱ्यांना घरात आणि गावात सगळे आप्पा म्हणायचे. वाचायला बसले की त्यांचा एकच नियम असायचा. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. समोरच्यानं त्याचा अर्थ सांगायचा. तो पटला की आप्पा म्हणणार, "हां, पुढं." मगच दुसरं वाक्य. या नियमापायी मी त्यांच्यावर किती चिडलेय, याला मोजदाद नाही. आज मी बी.ए. आहे ती या नियमामुळे. आणि दुपारी दुकान थंडावलं की माझा जीव घाबराघुबरा होतो, तोही त्याच्यामुळेच.

आमचं गाव युसूफ वडगाव. श्रावणात तिथल्या महादेवाच्या देवळात पोथी लागायची. पोथी एकट्यानं वाचायची नसते. एक वाचक असतो, एक सूचक. वाचक ओवी म्हणतो, सूचक तिची फोड करून साध्या बोलीत सांगतो आणि बसलेली माणसं माना डोलावतात. आप्पा वाचक होते. त्यांचा आवाज असा होता की देवळात बसून वाचलं तरी गिरणीपर्यंत ऐकू जायचं. सूचक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. ते वारले आणि त्यांच्या जागी बसायला कुणी तयार होईना. तरण्या पोरांना विचारलं तर ती म्हणाली, "आप्पा, मोबाइलवर सगळं आसतंय की आता." मग देवळात स्पीकर आला. आप्पांनी पोथी पिवळ्या रुमालात बांधून घरच्या कोनाड्यात ठेवली आणि ते आमच्या किराणा दुकानात तराजूपाशी येऊन बसले. फारसं बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की तोलून द्यायचं, गेलं की रस्त्याकडं बघत बसायचं.

मी त्या घरात आले ते केजच्या कॉलेजातून दुसरं वर्ष अर्धं टाकून. चांगलं स्थळ आहे, राहिलेलं शिक्षण नंतर बघू, असं माझ्या वडिलांना सांगितलं गेलं होतं. त्या 'नंतर'मध्ये लेक झाली, तिच्या वेळी धरलेली साखर मला कायमची चिकटली, गोळ्यांवरून मी इन्सुलिनच्या सुईवर आले आणि लेक बारावी होऊन बीडला क्लासला जाऊन राहिली. तिचे फॉर्म मोबाइलवर भरता भरता मी एक फॉर्म माझाही भरून टाकला. पहिल्या वर्षापासून, घरबसल्या, ऑनलाइन. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणी नाही म्हणालं असतं असंही नाही, पण मला विचारायचंच नव्हतं. आमचे हे आठवडी बाजारांना टेम्पो घेऊन जायचे. संध्याकाळी आल्यावर त्यांना सांगितलं तर हसले आणि म्हणाले, "बरं मॅडम, आता जेवायला वाढता का?" तेव्हापासून मी घरात मॅडम झाले.

पहिले काही महिने झकास गेले. दुकानात माणूस नसलं की मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवायचा आणि सरांचं व्याख्यान लावायचं. मधेच कुणी शेंगदाणे मागितले की सरांना थांबवायचं. थांबवता येणारा मास्तर मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता.

मग एके दिवशी दुकानात फार जाळी झाल्यासारखी दिसायला लागली. काळ्या दोऱ्या हलत होत्या. मी केरसुणी घेतली आणि वरचे कोपरे झाडले, फळ्या झाडल्या, डबे पुसले. आप्पा म्हणाले, "पोरी, काय झाडायलीस? साफच हाय सगळं." मी म्हणाले, तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात उभी राहून आभाळाकडं बघितलं तर जाळी आभाळालाही होती. तेव्हा कळलं की ती दुकानात नाही.

ह्यांचा त्या दिवशी बाजार होता, म्हणून बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आप्पाच माझ्यासोबत आले. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. डॉक्टर माणूस सरळ होता. म्हणाला, "उजव्याचं मी काही कबूल करत नाही. डावा टिकवू. लेसर करावं लागेल, सुया घ्याव्या लागतील. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही." मी विचारलं, वाचलं तर बिघडेल का? तो म्हणाला, "वाचल्यानं बिघडत नाही. पण वाचता येतंय का तुम्हाला?" मी समोरच्या भिंतीवरचा तक्ता बघितला. वरचं एक अक्षर होतं, बाकी मुंग्या होत्या.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. आप्पा शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सासरा सुनेचे डोळे पुसत नाही, आणि आप्पांना तर सांत्वन करणं जमतच नसे. मी म्हणाले, "आप्पा, सोडून देते मी ते शिक्षण. आता कोण वाचणार?" त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "किती पानं हायती?"

मला आधी कळलंच नाही की हा माणूस काय विचारतोय.

दुसऱ्या आठवड्यात ह्यांनी केजहून मोबाइलमधले सगळे पाठ कागदावर काढून आणले. आप्पांनी ती चळत हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि नवा पिवळा रुमाल काढला. दुपारी दुकान थंड असतं, तेव्हा त्यांनी गादीवर चौरंग मांडला, त्यावर राज्यशास्त्र ठेवलं, कपाळाला भस्माचं बोट लावलं आणि सुरू केलं. ओवीच्या चालीत. पहिल्या पानाच्या तळाशी झेरॉक्सवाल्याची जाहिरात होती. आप्पांनी तीही त्याच चालीत म्हटली, "येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील," आणि माझ्याकडं बघून थांबले. अर्थासाठी. डोळ्यांचं कळल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. पोट धरून हसले. आप्पा रागावले. "पोथीम्होरं हासू न्हाई," म्हणाले.

पण माझं हसू लवकरच आटलं. मला वाटलं होतं, ते वाचतील आणि मी ऐकून डोक्यात साठवीन. आप्पांना ते मान्य नव्हतं. एक वाक्य झालं की थांबणार. मी म्हणायची, "कळलं, वाचा पुढचं." ते वाचणार नाहीत. "काय कळलं ते सांग." मी सांगायला जायची आणि तोंडातून पुस्तकातलेच शब्द पुन्हा बाहेर यायचे. ते म्हणायचे, "ही तर मीच म्हणलो की आत्ता. अर्थ सांग." मी वैतागून म्हणाले, "आप्पा, तुम्हाला परीक्षा द्यायचीय का मला?" ते शांतपणे म्हणाले, "तू सूचक हायस. वाचकाला पटल्याबिगर पुढची ओवी न्हाई." आणि चष्मा काढून बसले. मी उठून आत गेले आणि भांडी आपटली. बाहेर आले तर माणूस तिथंच, पान तेच, बोट त्याच ओळीवर.

एकदा 'सार्वभौमत्व' या शब्दापाशी आमची अख्खी दुपार अडली. मी काहीबाही सांगत होते आणि त्यांचं आपलं "कावून?" चालूच होतं. शेवटी मी विचारलं, "आप्पा, गल्ल्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे?"

"माझ्या."

"तुमच्या लेकाला पाहिजे असली तर?"

"मला इचारतंय."

"आणि तुम्ही कुणाला विचारता?"

"मी कावून कुणाला इचारू?"

"मग तेच ते."

आप्पांनी कमरेची किल्ली चाचपली, थोडा विचार केला. "आन् तू दुपारच्याला गल्ल्यातून काढती ती?"

"ते बंड."

"हां," ते म्हणाले, "पुढं."

परीक्षेत तो प्रश्न आला तेव्हा मला पुस्तक आठवलं नाही, ती किल्ली आठवली.

असं आमचं चालू राहिलं. गिऱ्हाइकांना सवय झाली. वाक्य अर्धं असताना कुणी साखर मागितली तर आप्पा एक हात वर करायचे आणि माणूस थांबायचा. एकदा मेंढ्या घेऊन चाललेला एक धनगर मिठासाठी थांबला, वाक्य संपेपर्यंत उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "कुणाची पोथी लागलीया आप्पा?" आप्पा म्हणाले, "सरकारची." त्यानं कागदांना नमस्कार केला आणि मीठ घेऊन गेला.

सगळं काही गंमतीचं नव्हतं. बीडच्या खेपा संपत नव्हत्या. डोळ्यात सुई घेऊन आले की तो दिवस आणि पुढचा दिवस पट्टी बांधून पडून राहायचं. ह्यांना बाजार बुडवावे लागायचे आणि ते काही बोलायचे नाहीत, त्याचंच मला जास्त ओझं व्हायचं. गोणी उचलायची मनाई, म्हणून आप्पा त्या वयात गोणी ओढायचे. कधी साखर एकदम उतरायची आणि बोलता बोलता माझी जीभ जड व्हायची. आप्पांना ते माझ्याआधी कळायचं. चौरंगाशेजारी गुळाचा खडा ठेवलेलाच असायचा. तो माझ्या हातावर ठेवायचे आणि मी माणसात येईपर्यंत त्याच ओळीवर बोट धरून बसायचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला उजवा डोळा गेला. दुखला नाही, काही नाही. संध्याकाळी दिवा लावला, डाव्यावर हात धरून बघितलं, तर ज्योत नव्हती. मी कुणाला लगेच सांगितलं नाही. मनात एकच घोकत होते, की डावा आहे तोवर पदवी पूर्ण करायची. कागद हातात आला की त्यावरचं माझं नाव मला माझ्या डोळ्यानं वाचायचं होतं. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं नको होतं. एवढंच मागणं होतं माझं, आणि ते मला फार मोठं वाटत नव्हतं.

परीक्षा घरूनच असायची. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, दुसरा आवाज नको. अक्षरं मोठी करून करून एका वेळी चार शब्द पडद्यावर मावायचे. मी त्यांना नाक लावून वाचायची. आप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा तिकडं फिरकू द्यायचे नाहीत. गॅसवाल्यानं सिलिंडर आपटला तर त्याला तोंडावर बोट ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले.

आता मुख्य गोष्ट सांगते. पोथीचा शेवटचा अध्याय कुणी असातसा वाचत नाही. तो समाप्तीसाठी राखून ठेवायचा असतो. समाप्तीला माणसं बोलवायची, नारळ फोडायचा, गोड करायचं, आणि सगळ्यांसमोर तो अध्याय पहिल्यांदा वाचायचा. आप्पांनी हा नियम माझ्या पुस्तकांनाही लावला. प्रत्येक पुस्तकाचा शेवटचा पाठ ते राखून ठेवायचे आणि परीक्षेच्या आधीच्या सोमवारी वाचायचे. मी सांजा करायची. आळीतल्या दोन बायका, गुरुजींची म्हातारी, हे घरी असले तर हे, असे बसायचे आणि अर्थशास्त्रातला व्यापारतोल ऐकायचे. मला गोड चालत नाही, म्हणून माझ्या वाटणीचा सांजा आप्पा खायचे. म्हणायचे, "सूचकाचा परसाद वाया जाऊ न्हाई."

शेवटच्या वर्षाचं शेवटचं पुस्तक होतं स्थानिक स्वराज्य संस्थांचं. त्याच्या समाप्तीचा आप्पांनी थाटच मांडला. लेकीला बीडहून बोलवायचं, माझ्या माहेरी निरोप धाडायचा, देवळापुढं मांडव नको पण सतरंजी तरी टाकायची. मला तेव्हा डाव्या डोळ्यातही धूर दिसायला लागला होता. मी म्हणाले, "आप्पा, शेवटचा पाठ आत्ता वाचून टाकू. समाप्तीला परत वाचा, कुणाला कळतंय?"

"उष्टा पाठ समाप्तीला चालत न्हाई."

"अहो, परीक्षा त्याच आठवड्यात आहे. काही झालं म्हणजे?"

"काय व्हतंय? मी हाय की."

मी फणफणले, पण मनातून मला ते आवडलं होतं हे खोटं कशाला सांगू? माझ्या लग्नात नारळ फुटले असतील तेवढेच. शिक्षणासाठी माझ्या नावानं कुणी सतरंजी टाकेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी डोळ्याची घाई करत होते. आवाजाचा विचार कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता.

समाप्तीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आप्पा पूजेला बसले होते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज बसायचे तसे. मी सांज्यासाठी रवा निवडत होते. भस्माची वाटी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी विचारलं, "काय सांडलं आप्पा?"

"पुढं," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना वाचायची घाई झालीय. मी म्हणाले, "आधी पूजा तर आवरा. आज नाही, उद्या वाचायचंय."

"पुढं," ते म्हणाले. "पुढं. पुढं."

त्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून मी उठले. जवळ गेले तरी मला नीट दिसेना. हातानं चाचपलं तर चेहऱ्याची एक बाजू ओली होती आणि लोंबत होती. उजवा हात भस्मात पडला होता. डाव्या मुठीत लिंग घट्ट धरलेलं होतं, ते मात्र सुटलं नव्हतं.

ह्यांनी टेम्पोत गादी टाकली आणि अंबाजोगाईला नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सगळं बोलणं गेलं, तो एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असं होतं, माणसाच्या तोंडात सगळ्यात बसलेला एखादा शब्द उरतो. पाणी पाहिजे असलं की पुढं. कूस बदलायची असली की पुढं. दुखलं तरी पुढं. लेक बीडहून धावत आली आणि "आजोबा" म्हणून गळ्यात पडली, तेव्हा तिच्याकडं बघून रडत रडत तेच.

गुरुवारी माझी परीक्षा होती. मी देणार नाही म्हणाले. ह्यांनी दवाखान्यातून फोन केला. म्हणाले, "मॅडम, नाटकं करू नका. त्यानला समजलं तर डाव्या हातानं मारतेन मला." लेक म्हणाली, "आई, तो शेवटचा पाठ मी मोबाइलला वाचायला लावते. बाई वाचून दाखवते त्याच्यात. अर्ध्या तासात होईल." मी नको म्हणाले. तिला राग आला. तिचं बरोबर होतं, मार्क जाणार होते. पण तो पाठ राखलेला होता. ज्यानं राखला तो दवाखान्यात पडलेला असताना मी तो मोबाइलमधल्या बाईकडून उरकून घेऊ?

परीक्षेला बसले. त्या दिवशी दाराबाहेर खुर्ची नव्हती. गल्लीत कोंबड्या ओरडत होत्या. त्या पाठावरचे प्रश्न आले, मी देवाचं नाव घेऊन कुठल्यातरी पर्यायांवर टिक केलं आणि उठले.

पास झाले. दुसरा वर्ग. प्रमाणपत्र आलं तोवर आप्पांना घरी आणून बरेच दिवस झाले होते आणि माझ्या डाव्या डोळ्याला माणसं नुसती आकारासारखी दिसायला लागली होती. कागद मी उन्हात नेला, नाकाशी धरला, तिरका केला, सरळ केला. काळ्या पट्ट्या दिसल्या. त्यातली एक माझं नाव असणार. ह्यांनी वाचून दाखवलं. मी ऐकलं आणि आत जाऊन आप्पांच्या डाव्या हातात तो कागद दिला. त्यांनी त्यावरून हात फिरवला. कडेनं, मधे, पुन्हा कडेनं. मग म्हणाले, "पुढं."

मी म्हणाले, "आता काय पुढं? एम.ए. करू का?"

"पुढं," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते हसले. तोंड एका बाजूनं हसतं तेव्हा आवाज वेगळा येतो.

त्या सोमवारी मी सांजा केला. सतरंजी नाही, माणसं नाहीत. मधल्या खोलीत आप्पांच्या खाटेशेजारी चौरंग ठेवला, पिवळा रुमाल सोडला, कागद नुसते वर ठेवले आणि मोबाइलमधल्या बाईला सुरू केलं. ती बया थांबेचना. एकामागून एक वाक्यं ओकत सुटली. आप्पा अस्वस्थ झाले, डाव्या हातानं खाट बडवायला लागले. मग मी बोट त्या बटणावरच ठेवलं. एक वाक्य झालं की तिला थांबवायची, अर्थ सांगायची आणि वाट बघायची. खाटेवरून "पुढं" आलं की तिला पुन्हा सुरू करायची. आप्पांचा तो एक शब्द आता पुन्हा त्याच्या जागी आला होता. त्या वेळेपुरतं घरात काही बिघडलंय असं वाटायचं नाही.

ते लवकर दमायचे. म्हणून दर सोमवारी सांजा करायचा आणि थोडं थोडं वाचायचं, असं ठरलं. खरं सांगायचं तर मीच लांबवत होते. अर्थ फोडून फोडून सांगायची, उदाहरणं द्यायची, गावातल्या भानगडी घालायची. समाप्ती झाली की काय करायचं हे मला कळत नव्हतं.

शेवटच्या त्या सोमवारी ग्रामसभेचा भाग आला होता. बाईनं वाचलं, "गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा बोलवावी लागते." मी तिला थांबवलं. म्हणाले, "म्हणजे बघा आप्पा, सभेला ठरलेली माणसं तरी जमली पाहिजेत. नाही जमली तर सभा झाली असं धरायचं नाही. पुन्हा एकदा सगळ्यांना बोलवायचं."

मी थांबले. काही आलं नाही.

मला वाटलं पटलं नाही. माझंही चुकलंच होतं, अर्थ कोरडा झाला होता. मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं. "आपल्या देवळातल्या पोथीचं बघा. वाचक आला, सूचक आला, आणि ऐकायलाच कुणी नाही. मग पोथी लागली म्हणायची का? नाही ना? मग उद्या परत दवंडी द्यायची."

तरी नाही. मी आणखी सोपं केलं. "पंगतीला पानं मांडली, वाढप झालं, आणि माणसंच आली नाहीत. ती काही पंगत नव्हे. अन्न झाकून ठेवायचं, निरोप धाडायचा, माणसं येऊ द्यायची." खाटेवरचा आकार तसाच होता, उशीला टेकलेला, तोंड माझ्याकडं. मला थोडा रागही आला. म्हणाले, "आता किती फोड करू आप्पा? एवढं काही अवघड नाही यात."

बाहेर टेम्पोचा आवाज आला. हे पिशव्या घेऊन आत आले. मी म्हणाले, "तुम्ही तरी सांगा यांना. केव्हाची समजावतेय, पटतच नाही."

ह्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. खाटेपाशी गेले, वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग माझ्याकडं आले आणि माझं बोट त्या बटणावरून काढून मोबाइल हातातून घेतला.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला मातीत बसवूनच ठेवतात. आप्पा चौरंगापुढं बसायचे तसेच बसवले, कपाळाला भस्म, हातात लिंग. सांजा कुणी खाल्ला मला माहीत नाही.

त्या पाठाचं दीड पान राहिलंय. हे म्हणतात, मी वाचतो, आपण समाप्ती करून टाकू. लेक म्हणते, आई, तू एम.ए.चा फॉर्म भर, आजोबा तसंच म्हणाले होते. त्यांचं दोघांचंही खरं आहे. पण त्या वाक्याचा अर्थ आप्पांना पटला होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. आणि ते कळल्याशिवाय मी पुढं कशी जाऊ?